शाळेसाठी कर्जरोखे: कॅलिफोर्नियातील सार्वमतात मत कोण देऊ शकते आणि कागदपत्रे कोणती लागतात

कॅलिफोर्नियात स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) मालमत्ता करातून फेडावयाचे कर्जरोखे काढून शाळा बांधायची असेल, तर आधी स्थानिक मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. तेथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हा कर भरावा लागतोच. त्यामुळे मत नेमके कोण देऊ शकते, हे त्यांनी वेळेवर समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९७८ च्या प्रोपोझिशन १३ ने (प्रोपोझिशन म्हणजे राज्यातील मतदारांपुढे मंजुरीसाठी ठेवलेला प्रस्ताव) मालमत्ता कर करआकारणी मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला असला, तरी मतदारांनी मंजूर केलेले कर्ज फेडण्यासाठी त्यावर जादा कर लावता येतो. पूर्वी अशा मंजुरीला दोन तृतीयांश मते लागत. नोव्हेंबर २००० मधील प्रोपोझिशन ३९ नुसार आता ५५ टक्के पुरतात. मात्र त्यासाठी नियोजित कामांची यादी आधी जाहीर करावी लागते, दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते आणि हा पैसा शिक्षकांच्या किंवा प्रशासकांच्या पगारावर खर्च करता येत नाही. शिवाय डिस्ट्रिक्टच्या मंडळाने दोन तृतीयांश बहुमताने केलेला ठराव निवडणुकीच्या किमान ८८ दिवस आधी काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) निवडणूक कार्यालयात पोहोचावा लागतो.

मतदार अमेरिकेचा नागरिक, मतदानाच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण झालेला आणि त्याच डिस्ट्रिक्टचा रहिवासी असावा लागतो; गंभीर गुन्ह्यासाठी तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्यांना आणि न्यायालयाने मतदानास अक्षम ठरविलेल्यांना मत नाही. घर स्वतःचे असण्याची अट नाही, त्यामुळे भाडेकरू मत देऊ शकतो; उलट ग्रीन कार्ड किंवा एच-१बी व्हिसावर राहणारा घरमालक कर भरत असूनही मत देऊ शकत नाही. नागरिक नसताना नोंदणी करणे हा गुन्हा आहे, म्हणून फॉर्ममधील नागरिकत्वाच्या प्रश्नावर कधीही अंदाजाने खूण करू नये.

नोंदणी ऑनलाइन किंवा टपालाने, निवडणुकीच्या १५ दिवस आधीपर्यंत करता येते. त्यासाठी कॅलिफोर्नियाचा वाहन परवाना किंवा राज्य ओळखपत्र यांचा क्रमांक आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक विचारले जातात. मुदत हुकल्यास निवडणूक कार्यालयात किंवा मतदान केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन त्याच दिवशी सशर्त नोंदणी (म्हणजे पात्रता तपासल्यावरच मत मोजले जाईल अशी नोंदणी) होते. मतपत्रिका घरी येते; पाकिटावरील सही नोंदीतील सहीशी ताडून पाहिली जाते, म्हणून ती न चुकता करावी.

मतपत्रिकेपेक्षाही, सोबतच्या माहितीतील कराच्या दराचे निवेदन मी आधी वाचायला सांगेन. बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या एकत्रित डिस्ट्रिक्टसाठी, ५५ टक्क्यांच्या मार्गाने एका निवडणुकीत मंजूर होणाऱ्या रोख्यांचा अंदाजित कर दर १ लाख डॉलर करआकारणी मूल्यामागे वर्षाला ६० डॉलरपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे ८ लाखांच्या मूल्यावर जास्तीत जास्त ४८० डॉलर. हे मूल्य बाजारभाव नव्हे, तर कराच्या बिलावर छापलेला आकडा आहे.

मंजुरीनंतर नागरिकांची किमान सात सदस्यांची देखरेख समिती नेमली जाते. तिच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. मताचा अधिकार नसलेल्या पालकांनीही तेथे जाऊन खर्चाची माहिती घ्यावी.