हातातलं काम आणि मागे रेंगाळणारं मन

औषधांची ट्रॉली घेऊन वॉर्डात फिरणाऱ्या नर्सचं काम बाहेरून सोपं दिसतं. केसपेपर बघायचा, पेशंटचं नाव पडताळायचं, औषध आणि मात्रा जुळते का ते पाहायचं, औषध द्यायचं, सही करायची. पण केसपेपर आणि सही यांच्या मध्ये बरंच काही घडतं. कुणी नातेवाईक "सिस्टर, सलाइन संपत आलंय" म्हणतो, पलीकडच्या खाटेवरून हाक येते, फोन वाजतो, डॉक्टर एखादा रिपोर्ट मागतात.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधक जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांमध्ये नेमकं हेच मोजलं. ९८ नर्स, ७२० पेशंट आणि औषध देण्याचे ४,२७१ प्रसंग त्यांनी शेजारी उभं राहून नोंदवले. २०१०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून जास्त वेळा औषध देता देता मध्येच कुणीतरी नर्सचं लक्ष तोडलं होतं. असा व्यत्यय जितका जास्त, तितक्या चुका जास्त. एकही व्यत्यय नसेल तर गंभीर चूक होण्याचा धोका २.३ टक्के होता, चार व्यत्यय आले की तो ४.७ टक्क्यांवर, म्हणजे दुपटीवर गेला. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच नोंद. औषधाच्या चुकांपासून अनुभवाने संरक्षण मिळालं नव्हतं. वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेल्या नर्सही चुकत होत्या.

लक्ष विचलित होणं हा माणसाचा स्वभावदोष आहे, असं आपण धरून चालतो. मुलगा अभ्यासाला बसत नाही, कारण त्याच्यात चिकाटी नाही. ऑफिसात काम संपत नाही, कारण माझ्यात शिस्त नाही. मग पहाटे उठण्याचे, फोन कपाटात ठेवण्याचे संकल्प होतात आणि आठवड्याभरात मोडतात. सिडनीच्या त्या नर्सकडे ना शिस्त कमी होती ना निष्ठा. त्यांच्या कामाची मांडणीच अशी होती, की कुणीही, केव्हाही, कशासाठीही मध्ये येऊ शकत होतं.

एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना मेंदूला किंमत मोजावी लागते, हे मानसशास्त्राला जवळपास शंभर वर्षं माहीत आहे. १९२७मध्ये आर्थर जर्सिल्ड यांनी लोकांना आकड्यांच्या याद्या दिल्या. काही याद्यांमध्ये एकच क्रिया करायची होती, तर काहींमध्ये आळीपाळीने दोन. बेरीज आणि वजाबाकी या दोन्ही क्रिया मुलांनाही जमणाऱ्या, तरी आळीपाळीच्या यादीला वेळ जास्त लागला. कपाळामागे असलेला मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आत्ता काय करायचं आहे ते उद्दिष्ट जागं ठेवतो. उद्दिष्ट बदललं की आधीचे नियम बाजूला सारून नवे पुढे आणावे लागतात. त्यात दर वेळी सेकंदाचा काही अंशच जातो. पण दिवसभरात अशी किती वळणं येतात!

वेळेपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे, आणि ते सोफी लरॉय यांच्या २००९च्या प्रयोगांतून पुढे आलं. त्यांनी लोकांना शब्दकोडी सोडवायला दिली. मग ती थांबवून नोकरीसाठी आलेले अर्ज तपासायला सांगितले. दोन कामांच्या मध्ये एक छोटी चाचणी घेतली, मनात अजून कोडीच घोळत आहेत का ते कळावं म्हणून. ज्यांचं पहिलं काम अर्धवट सुटलं होतं, त्यांच्या मनात ते चालूच होतं, आणि पुढच्या कामात ते कमी पडत होते. लरॉय यांनी याला 'अटेन्शन रेसिड्यू', म्हणजे आधीच्या कामात मागे उरलेलं लक्ष, म्हटलं. गॅसवर दूध ठेवून पेपर वाचावा, तसं हे. डोळे ओळींवरून फिरतात, पण वाचलेलं पोचत नाही. विशेष म्हणजे नुसतं काम पूर्ण करूनही मन मोकळं होईलच असं नव्हतं. वेळेचं बंधन असताना ज्यांनी ते पूर्ण केलं, त्यांचं मन पुढच्या कामाला सगळ्यात चांगलं लागलं.

आता जिल्हा परिषदेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. एक मुलगी बोट ठेवून वाचते आहे. 'आश्चर्य' या शब्दापाशी ती अडली आहे. 'श्च' तिने फोडला, आता 'र्य' बाकी आहे, तिचे ओठ हलताहेत. तेवढ्यात बाईंच्या फोनवर मेसेज येतो: अमुक माहिती आजच, तातडीने भरून पाठवा. बाई फोन उचलत नाहीत. पण मुलीने शब्द कुठे चुकवला, हे त्यांच्या कानांतून निसटतं. केरी स्टोथार्ट यांच्या २०१५च्या प्रयोगात हेच दिसलं होतं. फोनला हात न लावता, केवळ नोटिफिकेशन आल्याचं जाणवल्यानेही लक्ष देऊन करायच्या कामातल्या चुका वाढल्या. आमचे शिक्षक 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत रस्त्यावर उतरतात तेव्हा ती कामचुकारपणाची सबब आहे, असं समजणाऱ्यांनी त्या तिसरीच्या वर्गात तासभर बसून पाहावं. अशैक्षणिक कामांचे तास कागदावर मोजता येतात. त्या कामांनी शिकवण्याच्या तासाचे जे तुकडे होतात, ते मोजायला कुठला रकाना नाही.

ऑफिसातल्या माणसांचं काय होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क वीसहून अधिक वर्षं पाहत आल्या आहेत. २००४च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजमापांत ते ४७ सेकंदांवर आलं आहे. त्यांच्या २००८च्या एका प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, आणि दर्जाही घसरला नाही. मात्र ताण, चिडचिड आणि घाई स्पष्टपणे वाढली. म्हणून तर वरिष्ठांना यात नुकसान दिसत नाही. काम वेळेत होतं, पण त्याचा भार ज्याच्या त्याच्या शरीरावर पडतो.

त्या भाराची नोंदही मार्क यांनी केली. अमेरिकेतल्या एका ऑफिसातल्या १३ कर्मचाऱ्यांचं ईमेल पाच दिवस बंद ठेवलं आणि त्यांच्या छातीला हृदयगती मोजणारी यंत्रं लावली. ती माणसं एकेका कामावर जास्त वेळ टिकली, विंडो कमी वेळा बदलल्या, आणि हृदयाच्या ठोक्यांवरून मोजलेला ताण उतरला. १३ माणसांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही. पण ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कोस्तादिन कुशलेव आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ जणांवर केलेला प्रयोगही त्याच दिशेला बोट दाखवतो. ज्या आठवड्यात दिवसातून फक्त तीनदा ईमेल पाहायची होती, त्या आठवड्यात लोकांचा रोजचा ताण कमी राहिला.

मग करायचं काय? दोन गोष्टींवर माझा भरवसा आहे, आणि त्यांतली पहिली अगदी छोटी आहे. ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी २०११मध्ये दाखवलं, की अपुऱ्या राहिलेल्या कामाचा नेमका बेत ठरवला तरी त्याचा मनातला धोशा शमतो, काम प्रत्यक्ष व्हायची गरज नसते. लरॉय यांनीही थेरेसा ग्लोम यांच्यासोबत हे तपासलं. मध्येच उठावं लागलं, तर कुठवर आलो आणि परत आल्यावर आधी काय करायचं, हे मिनिटभरात लिहून ठेवणाऱ्यांचं मन पुढच्या कामात नीट लागलं. बाईंनी वहीच्या कडेला 'र्य अजून पक्का नाही' एवढं लिहून मग फोन घेतला, तर तो धागा हातात राहतो.

दुसरी गोष्ट एकट्यादुकट्याच्या हातातली नाही. १९७४मध्ये अमेरिकेत शार्लटजवळ दाट धुक्यात विमान उतरवताना वैमानिक राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा मारत होते. विमान धावपट्टीआधीच कोसळलं, सत्तरहून अधिक माणसं गेली. पुढे १९८१मध्ये नियम झाला, की दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं-करायचं नाही. या नियमाचं बळ असं, की तो सगळ्यांना लागू आहे, केबिन क्रूलासुद्धा. उलट वेस्टब्रुक यांनी पुढे नर्सना 'व्यत्यय आणू नका' लिहिलेली जाकिटं घालून पाहिलं, तेव्हा व्यत्यय थोडे घटले, पण जाकिटं उकडतात, घालण्या-काढण्यात वेळ जातो, अशा तक्रारी आल्या. ती कायमची करावीत असं निम्म्याहून कमी नर्सना वाटलं. लक्ष राखण्याचं ओझं पुन्हा त्यांच्याच अंगावर चढवलं होतं!

हे सगळं केवळ चुका टाळण्यासाठी नाही. एमी रेझनेव्हस्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून पाहिलं. काम एकच, पगार तोच. तरी काही जण स्वतःला बरं करणाऱ्या मंडळींतलं एक समजत होते. कोणता पेशंट आज गप्प आहे ते त्यांना दिसे, वाट चुकलेल्या नातेवाइकाला ते पोचवून येत. ॲडम ग्रँट यांनी २००७मध्ये शिष्यवृत्तीसाठी देणग्या मागणाऱ्या कॉल सेंटरमध्ये कर्मचाऱ्यांची एका शिष्यवृत्तीधारकाशी पाच मिनिटं भेट घालून दिली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी, तर जमलेला निधी १७१ टक्क्यांनी वाढलेला होता. गट लहान होता, त्यामुळे टक्क्यांवर फार विसंबू नये. पण आपलं काम कुणापर्यंत पोचतं हे दिसलं की त्याला अर्थ येतो, आणि ते दिसायला मान वर करण्याइतकी सवड लागते. ४७ सेकंदांच्या तुकड्यांत ती कुठून मिळणार?

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७पासून आहे. आपल्याकडे संसदेने खासगी विधेयक संमत केल्याला १९७०नंतर उदाहरण नाही, म्हणून कायद्याची वाट पाहत थांबण्यात अर्थ नाही. केंद्रप्रमुखांनी माहिती मागायची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठरवावी, टीम लीडरने सकाळचे दोन तास मेसेज टाकू नयेत, वॉर्डात औषधांच्या फेरीच्या वेळी नातेवाइकांच्या शंकांसाठी दुसरं माणूस उभं करावं. यांतल्या एकाही गोष्टीला लोकसभेची मंजुरी लागत नाही.