ओन्र्यो

ओन्र्यो म्हणजे अन्यायाची सल किंवा राग मनात घेऊन मेलेल्या माणसाचा सूड उगवणारा आत्मा. भुतासाठी जपानीत युरेई हा व्यापक शब्द आहे. ओन्र्यो हा त्यातला सर्वांत घातक प्रकार. जगाला तो ठाऊक झाला जपानी भयपटांतून. चेहऱ्यावर केस सोडलेली, पांढऱ्या कपड्यांतली ती बाई आज इतकी ओळखीची आहे, की असे चित्रपट ‘एकाच साच्यातले’ म्हणून झटकून टाकले जातात. साचा आहे, हे खरेच. पण तो हजार वर्षे जुन्या एका श्रद्धेतून आला आहे, आणि त्याची ताकद ती श्रद्धा मोडण्यात आहे.

ती श्रद्धा अशी: दुखावलेला आत्मा शांत करता येतो. सुगावारा नो मिचिझाने हा त्या वेळची राजधानी क्योटोच्या दरबारातला विद्वान मंत्री. विरोधकांच्या कारस्थानामुळे त्याची रवानगी क्यूशू बेटावरच्या दाझाइफूला झाली आणि तिथेच ९०३ मध्ये तो वारला. पुढे विरोधक एकामागून एक गेले, ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी मेले, आणि हा मिचिझानेचाच कोप आहे असे सर्वांनी मानले. दरबाराने त्याचे पद मरणोत्तर परत दिले, क्योटोत त्याचे देवस्थान उभे राहिले आणि कोपलेला आत्मा तेन्जिन या नावाने विद्येचा देव झाला. परीक्षेआधी जपानी विद्यार्थी आजही त्याच्या पाया पडतात. चूक कबूल करा, हिरावलेला मान परत द्या, पूजा करा, की संकट टळते, हा त्यातला व्यवहार.

ओन्र्योला आजचे रूप एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) रंगभूमीने दिले. त्सुरुया नानबोकु (चौथा) याचे ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी (जपानची पारंपरिक नाट्यशैली) नाटक १८२५ मध्ये रंगमंचावर आले. त्यातल्या ओइवाला विष दिले जाते, चेहरा विद्रूप होतो, आणि ती केस विंचरायला बसते तेव्हा केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येतात. मोकळ्या केसांची प्रतिमा त्या दृश्याने पक्की केली. पांढरा पोशाख म्हणजे प्रेताला नेसवायचा किमोनो. त्या काळच्या चित्रांत भुताला पाय नसतात. (आपल्याकडची हडळ उलट्या पायांवरून ओळखतात, जपानी भूत पाय नसण्यावरून.) हे नाटक करण्यापूर्वी नटमंडळी ओइवाच्या देवस्थानाला जाऊन येतात, म्हणजे तिची समजूत काढणे अजून संपलेले नाही. भुताची नाटके उन्हाळ्यात लावायची प्रथाही जुनी आहे: पितरांचा ओबोन सण त्याच दिवसांत येतो, आणि अंगावर शहारा आला की उकाड्यात तेवढाच गारवा.

१९९८ मध्ये नाकाता हिदेओ यांचा ‘रिंगू’ हा चित्रपट आला. मूळ कादंबरी सुझुकी कोजी यांची, १९९१ मधली. एक व्हिडिओ कॅसेट पाहिली की सात दिवसांनी मरण. नायिका शोध घेत विहिरीपर्यंत पोहोचते, शापामागचे भूत असलेल्या सादाकोचे अवशेष बाहेर काढते. मिचिझानेच्या न्यायाने गोष्ट इथे संपायला हवी. ती संपत नाही. जीव वाचवायचा तर कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवावी लागते. अन्यायाची भरपाई झाली तरी शाप थांबत नाही, तो फक्त पुढच्याच्या गळ्यात बांधता येतो. माझ्या मते जपानी भयपटाचा खरा शोध हा आहे. टीव्हीतून बाहेर सरपटणारी बाई त्यानंतरची. शिमिझु ताकाशी यांच्या ‘जु-ऑन’मध्ये तर शाप लागायला नुसते घरात पाऊल टाकणे पुरते. त्यानंतर दूरध्वनी, इंटरनेट, जी वस्तू रोज हाताळावी तिच्यात भूत शिरले आणि क्रम ठरून गेला: शापित वस्तू, थोडी मुदत, भुताच्या पूर्वायुष्याचा शोध, फसवा शेवट.

या लाटेच्या उतरणीला, २००६ मध्ये, फुरुसावा ताकेशी यांनी हा साचा रेल्वेत नेला. चित्रपटाचे नाव ‘ओतोशिमोनो’, म्हणजे पडलेली, हरवलेली वस्तू. स्टेशनावर सापडलेला रेल्वेचा पास एक मुलगी उचलते आणि बेपत्ता होते; थोरली बहीण (सावाजिरी एरिका) तिच्या शोधात निघते; बोगद्यात मोटरमनला कोणीतरी दिसते. केस, बोगदा, मृत बाईचा माग, सगळे आधी पाहिलेले. त्यामुळे भीतीही कमी वाटते.

निवडलेली वस्तू, म्हणजे पास, मात्र अचूक आहे. आशियातली पहिली भुयारी रेल्वे टोकियोत ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते आसाकुसा या २.२ किलोमीटरवर धावली, आणि आज या शहराचा दिवसच गाडीच्या वेळेवर चालतो. जपानी पासावर प्रवाशाचे नाव छापलेले असते. डब्यात राहिलेली पाकीट, पिशवी अशी वस्तू सापडणारा माणूस ती निमूटपणे स्टेशनात जमा करतो आणि मालकाला ती बहुधा मिळते; यावर तिथल्या माणसांचा मनापासून विश्वास आहे. ज्याची वस्तू त्याला परत द्यावी, हे मिचिझानेच्या वेळचेच तत्त्व, रोजच्या वापरातले. पास उचलणारी मुलगी काही वाईट करत नाही. पासावर नाव आहे, पण त्या नावाची बाई वारलेली आहे, आणि तो परत करायला खिडकी नाही.