आधी तार कापायला लावणारा ट्यूनर: क्लूसन आणि फेंडरची पार्श्वभूमी

व्हिंटेज घाटाचे ट्यूनर (तार ताणून सुरात आणणाऱ्या खुंट्या) असलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर किंवा टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची स्ट्रिंग पहिल्यांदा बदलताना बहुतेक जण अडखळतात. नेहमीच्या ट्यूनरच्या दांड्याला आडवं भोक असतं. तार त्यातून ओवायची, पिळायची, सुरात आली की उरलेलं टोक कापायचं. इथे दांड्याच्या डोक्यावर खाच आहे आणि खाचेच्या मधोमध सरळ खाली उतरणारं भोक. तार आधी मापून कापायची, टोक त्या भोकात उभं सोडायचं, काटकोनात वाकवून खाचेतून बाहेर घ्यायचं आणि मग वेढे द्यायचे. माप चुकलं तर नवीकोरी तार वाया, म्हणून पक्कड हातात घेतल्यावर धास्ती वाटतेच. पण ही रचना कुठे आणि कशासाठी रुजली हे कळलं, की ती अडचणीची वाटेनाशी होते. माझं तर ठाम मत आहे की इलेक्ट्रिक गिटारवर याहून शहाणा साधा ट्यूनर झालेला नाही.

हे ट्यूनर क्लूसनचे. जॉन क्लूसन यांनी 1925 मध्ये शिकागोत कंपनी काढली आणि पुढे अमेरिकेतल्या बड्या गिटार कारखान्यांना तिचा माल जाऊ लागला. आत वर्म (स्क्रूसारखी आट्यांची दांडी) आणि दातेरी चाक, वरून दाबून घडवलेलं पत्र्याचं आवरण, आवरणाला तेल सोडण्यापुरतं बारीक भोक: क्लूसन डीलक्सचं हे रूप आजही लगेच ओळखू येतं. खाचेच्या दांड्याचं नाव होतं ‘सेफ-टी-स्ट्रिंग’. कापलेल्या तारेचं टोक दांड्याच्या पोटात जात असल्यामुळे बाहेर काही उरतच नाही. आडव्या भोकाच्या ट्यूनरवर स्टीलच्या तारेचं टोक बोटात घुसल्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला या नावामागचं कारण वेगळं सांगायला नको.

क्लूसनचे ट्यूनर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडर यांच्या कारखान्यात जात. लिओ शिक्षणाने हिशेबनीस, धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वाद्याकडे त्यांनी कारागिराच्या परंपरेतून पाहिलंच नाही. भाग पटकन बसावा, बिघडला तर पटकन निघावा, आणि बसवणाऱ्याला वर्षानुवर्षांचं शिक्षण लागू नये, अशी त्यांची दृष्टी होती. 1950 मध्ये त्यांच्या एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या गिटारी बाजारात आल्या. ग्रेच कंपनीचे ‘ब्रॉडकास्टर’ नावाचे ड्रम आधीपासून विकले जात असल्याने तिने हरकत घेतली, आणि 1951 मध्ये ब्रॉडकास्टरची टेलिकास्टर झाली. 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली.

या गिटारींचा हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा, ट्यूनर बसणारा भाग) दोन बाबतींत वेगळा होता. एक म्हणजे सहाही ट्यूनर एकाच बाजूला, ओळीने. ही कल्पना फेंडर यांची पहिलीच नव्हे. कारागीर पॉल बिग्स्बी यांनी 1948 मध्ये गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्यासाठी केलेल्या गिटारीवर तशीच ओळ होती. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफर यांच्या गिटारींवर ती दिसते. श्टाउफर यांच्याकडे काम शिकलेले गिटार-कारागीर सी. एफ. मार्टिन 1833 मध्ये अमेरिकेत आले तेव्हा हा घाटही त्यांच्याबरोबर आला. सहा ट्यूनर एका ओळीत असले की तार नटमधून (फिंगरबोर्डच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) सरळ पुढे जाते, कडेला वळत नाही. नटच्या खाचेत ती अडकण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

गंमत अशी की बाजारात मिळणारे क्लूसन एका ओळीत इतके जवळ बसण्यासाठी केलेले नव्हते. त्यांच्या पट्टीची टोकं एकमेकांना अडत. फेंडरच्या माणसांनी सरळ टोकं कापली. अगदी सुरुवातीच्या टेलिकास्टरच्या मागच्या बाजूला ही छाटाछाट दिसते. पुढे शेजारशेजारच्या दोन ट्यूनरमध्ये एकच स्क्रू वापरता येईल अशी पट्टी आली.

दुसरं वेगळेपण जास्त दूरगामी. हेडस्टॉक मागे झुकलेला नाही, तो फिंगरबोर्डला समांतर आहे. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारवर तो सुरुवातीला 17 अंशांनी मागे कललेला असे, त्यामुळे तार नटवर आपोआप दाबली जाते. फेंडरनी नेक (गिटारची मान) मेपलच्या एका सपाट फळीतून कापली. लाकूड वाचलं, वेळ वाचला, आणि गिटार पडली तर कललेला हेडस्टॉक मानेत मोडतो तो धोकाही कमी झाला. पण नटवरचा दाब गेला. तो आणायचा तर तार दांड्यावर खालच्या अंगाला उतरायला हवी. म्हणजे प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली पडायला हवा. नटपासून लांब पडणाऱ्या बारीक तारांना तेवढ्याने भागत नाही, म्हणून त्यांच्यासाठी हेडस्टॉकवर स्ट्रिंग ट्री, म्हणजे तार खाली दाबून धरणारी छोटी पकड, आली. लेस पॉलवरही क्लूसनच होते, पण आडव्या भोकाचे. तिथे वेढे थोडे इकडेतिकडे पडले तरी कोन शाबूत राहतो.

खाचेच्या ट्यूनरवर वेढे नीट पडतात, कारण तार भोकातून वर येऊन खाचेच्या कडेवर वळते आणि तिथून तिला फक्त खाली जायला जागा असते. मापाचं गणितही दांड्यातूनच निघतं. दोन दांड्यांमधलं अंतर साधारण अडीच सेंटिमीटर. तार ताणून तिच्या दांड्याच्या पुढे आणखी दोन दांडे मोजले की पाच सेंटिमीटर होतात. त्यातलं सेंटिमीटरभर भोकात जातं, उरलेल्यात दोन वेढे बसतात. जाड तारांना एवढं पुरतं. बारीक, साध्या तारांना अडीच दांडे धरावेत, म्हणजे जवळपास तीन वेढे पडतात. शेवटच्या दोन तारांपुढे मोजायला पुरेसे दांडेच नाहीत, तिथे मोजपट्टी घ्यावी. गोल गाभ्याची गुंडाळलेली तार असेल तर कापण्याआधी तिला पक्कडीने कडक काटकोन द्यायचा आणि त्या कोनाच्या पुढे सेंटिमीटरभर ठेवून कापायची. नाहीतर वरची गुंडाळी सैल होते आणि तार मुकी वाजते. हाच कोन मग भोकाच्या तोंडाशी बसतो.

1950 च्या दशकात तारा जाड असत, तिसरी (‘जी’ सुराची) तारही गुंडाळलेली असे. जेम्स बर्टनसारखे वादक बारीकपणासाठी बँजोच्या तारा लावत. कॅलिफोर्नियातले दुकानदार अर्नी बॉल यांनी हलक्या संचाची कल्पना आधी फेंडरकडे नेली. तिथे नकार मिळाल्यावर त्यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच 10 ते 46 (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) चा स्लिंकी संच आणला. तारा बारीक झाल्या, आणि ज्या दांड्यावर जाड तार दीड वेढ्यातही घट्ट बसे, तिथे बारीक तार घसरू लागली. जुने क्लूसन सुरात राहत नाहीत ही बदनामी बरीचशी इथली आहे असं मला वाटतं. वेढे कमी आणि सैल, शिवाय ट्रेमोलोचा (तारा ढिल्या-ताठ करून सूर हलवणाऱ्या दांडीचा) मारा. दोष मात्र ट्यूनरच्या माथी.

1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली. 1967 च्या सुमारास क्लूसन जाऊन ‘एफ’ ठसा असलेले ट्यूनर आले. खाच तेवढी राहिली. पुढे ग्रोव्हर आणि शालरचे बंद आवरणाचे ट्यूनर बसवायची लाट आली. त्यांना भोकं मोठी लागत, म्हणून कितीतरी अस्सल जुने हेडस्टॉक ड्रिलखाली गेले. ते वाचून आजही वाईट वाटतं. 1981 मध्ये क्लूसनचा कारखाना बंद पडला. 1982 मध्ये फेंडरनी 1957 आणि 1962 च्या स्ट्रॅटोकास्टर जुन्या रूपात परत आणल्या आणि खाचेच्या ट्यूनरला पुन्हा मागणी आली. क्लूसनचं नाव पुढे दुसऱ्या कंपनीकडे जाऊन पुन्हा बाजारात आलं.

आज जपानच्या गोटो कंपनीचे या घाटाचे ट्यूनर 15:1 च्या गिअरने येतात, म्हणजे खुंटीचे 15 फेरे झाले की दांडा एकदा फिरतो. नटपासून लांब जाताना दांड्याची उंची कमी होत जाणारे संचही मिळतात, त्यावर बारीक तारांना स्ट्रिंग ट्रीची गरज फारशी उरत नाही. आपल्याकडे फेंडरच्याच स्वस्त ब्रँड स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब गिटारींवर जे ट्यूनर दिसतात तेही याच घराण्यातले, आणि त्यांना वर दिलेलं दोन-अडीच दांड्यांचं माप जसंच्या तसं लागू पडतं.