चिवावाचे 63 दिवस नक्की कुठून मोजायचे?

परवा मैत्रिणीचा फोन आला, आवाज रडवेला. तिची चिवावा गाभण आहे, मेटिंगला 66 दिवस होऊन गेलेत आणि अजून कळांचा पत्ता नाही. वर तिला कुणीतरी ठासून सांगितलेलं की छोट्या जातीच्या कुत्र्या 55-56 दिवसांतच वितात, एवढासा जीव तयार व्हायला असा कितीसा वेळ लागणार! त्यामुळे ही दहा दिवस रात्र रात्र जागून टोपल्याशेजारी बसलेली.

हा गैरसमज इतका कॉमन आहे की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

लहान प्राण्याला कमी दिवस हे तसं ऐकायला बरोबर वाटतं, कारण वेगवेगळ्या प्राण्यांची तुलना केली तर ते खरंच आहे. उंदरीण तीन आठवड्यांत मोकळी होते आणि हत्तिणीला 22 महिने लागतात. पण चिवावा आणि ग्रेट डेन हे दोन वेगळे प्राणी नाहीतच ना, एकच प्राणी आहे, आपण निवडून निवडून त्याची साईझ बदलली फक्त. गर्भाचं घड्याळ जुनंच राहिलं. लांडगीण साधारण 63 दिवसांनी विते, ग्रेट डेन 63 दिवसांनी, आणि अडीच किलोची चिवावासुद्धा 63 दिवसांनीच.

साईझचा फरक पडतो तो पिल्लांच्या संख्येत. नॉर्वेत 2006-07 मध्ये नोंदल्या गेलेल्या 224 जातींच्या 10,810 वेतांचा अभ्यास झाला होता, त्यात सरासरी आली 5.4 पिल्लं, पण एकदम छोट्या जातींची सरासरी 3.5 आणि राक्षसी जातींची 7.1. (रेकॉर्ड म्हणाल तर 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका नियापोलिटन मॅस्टिफ कुत्रीला एका वेतात 24 झाली होती, ते सोडा.) चिवावाला एक ते चार पिल्लं म्हणजे अगदी नॉर्मल, त्यामुळे एक किंवा दोनच झाली म्हणून नर खराब होता वगैरे बोलायची काही गरज नाही. किती बीजांडं सुटणार हे मादीच्या अंडाशयात ठरतं. नराचा स्पर्म बरा असला आणि वेळ जमली की त्याचं काम झालं. आणि सडांची संख्या मोजून पिल्लांची संख्या सांगणारे लोक भेटले तर हसून सोडून द्या.

आता जरा आकडेमोड करू, मजा आहे त्यात. ग्रेट डेन मादी समजा 55 किलोची, तिचं पिल्लू जन्मताना साधारण 600 ग्रॅमचं, म्हणजे आईच्या वजनाच्या जेमतेम 1 टक्का. चिवावा अडीच किलोची, पिल्लू 110 ग्रॅमचं धरलं तर 4 टक्क्यांच्या वर गेलं. माणसात 60 किलोची आई आणि 3 किलोचं बाळ म्हणजे 5 टक्के. म्हणजे तीन पिल्लं पोटात घेऊन फिरणारी चिवावा ही जवळपास तिळं असलेल्या बाईसारखी असते! त्यात चिवावाचं डोकं गोल आणि मोठं, आईचा कटिबंध मात्र अरुंद, म्हणून या जातीत अडणं आणि सिझर जास्त. ते 'टीकप' नावाचं जे खूळ आहे ना, ती कुठली वेगळी जात नाहीये, किरकोळ अंगाची जनावरं निवडून त्यांना नाव दिलंय, आणि किलोभराच्या मादीला वरचं गणित लावून बघा म्हणजे तिची बाळंतपणं कशी होत असतील ते कळेल.

बरं, मूळ प्रश्न. 63 दिवस जर इतके पक्के तर मैत्रिणीची कुत्री 66 व्या दिवशी आरामात झोपलीय कशी? मेटिंगपासून मोजलं तर पिल्लं 57 ते 72 यातल्या कुठल्याही दिवशी होऊ शकतात. पंधरा दिवसांचा घोळ! हा घोळ का होतो ही माझी अत्यंत लाडकी गोष्ट आहे त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

बाईच्या अंडाशयातून बीजांड सुटतं ते पिकलेलं असतं, आणि 12 ते 24 तासांत त्याला स्पर्म भेटला तर ठीक, नाहीतर खेळ खलास. कुत्रीचं उलटं आहे. तिचं बीजांड कच्चंच बाहेर पडतं. गुणसूत्रं निम्मी करायचं जे विभाजन असतं, शाळेत मिऑसिस म्हणून शिकलेलो, ते त्याचं अर्धवट थांबलेलं असतं, आणि ते बीजनलिकेत उतरून दोन-तीन दिवस तिथे पिकत बसतं, अढीतल्या फळासारखं. तोपर्यंत फलन होत नाही. पिकल्यावर पुढे अजून दोन-तीन दिवस टिकतं. आणि दुसऱ्या बाजूला स्पर्म, तोही चिवट, मादीच्या आत पाच-सहा दिवस, कधी आठवडाभरही जिवंत राहतो. म्हणजे दोघांपैकी कुणीही आधी येऊन दुसऱ्याची वाट बघत थांबू शकतं.

उदाहरण घ्या. बीजांडं सुटली 10 तारखेला, पिकली 12-13 ला. एका कुत्रीचं मेटिंग 6 तारखेला झालं, तिथे स्पर्म सहा दिवस वाट बघत बसला. दुसरीचं 13 ला झालं, तिथे थेट गाठ पडली. दोघी विणार मात्र एकाच सुमारास, 10 तारखेपासून 63 दिवसांनी. कॅलेंडर बघणाऱ्या मालकांना वाटणार एकीला 67 दिवस लागले आणि दुसरीला 60, मग एकीची पिल्लं 'जास्त दिवसांची' आणि दुसरीची 'कमी दिवसांची'! तसं काही नसतं, वय सगळ्यांचं सारखंच. याच लांब खिडकीमुळे एका वेतात दोन वेगवेगळ्या बापांची पिल्लंही होऊ शकतात.

पण एकदा दुसऱ्या जातीच्या नराशी संबंध आला की पुढची सगळी वेतं 'बिघडतात', हे जे जुने ब्रीडर सांगायचे ते शुद्ध थोतांड आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स कोसार इवार्ट यांनी 1890 च्या दशकात घोड्या आणि झेब्रे घेऊन हे तपासलं होतं, आधी झेब्र्यापासून शिंगरू झालेल्या घोडीला नंतर घोड्यापासून झालेल्या शिंगरांत झेब्र्याचं काही उतरलं नाही.

मग बीजांडं सुटली कधी हे कळणार कसं? रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवरून. (इथे थोडं टेक्निकल होतंय, कंटाळा आला तर हा पॅरा सोडून द्या.) मेंदूखालच्या पिट्युटरीतून एलएच नावाचं हार्मोन एकदम उसळी मारतं, त्यानंतर साधारण दोन दिवसांनी बीजांडं सुटतात. बहुतेक प्राण्यांत प्रोजेस्टेरॉन चढतं ते बीजांड सुटल्यावर, कुत्रीत मात्र आधीपासूनच चढायला लागतं, उसळीच्या वेळी मिलिलिटरला 2-3 नॅनोग्रॅम आणि बीजांडं सुटताना साधारण 5 ते 8. म्हणून माजावर असताना एक-दोन दिवसांआड टेस्ट केली तर सुटायचा दिवस पकडता येतो, मग बाळंतपणाची तारीख एक-दोन दिवस इकडेतिकडे इतकी नेमकी सांगता येते. पण हीच टेस्ट नंतर करून कुत्री गाभण आहे का ते ठरवता येत नाही, कारण गाभण नसली तरी प्रोजेस्टेरॉन जवळपास तसंच दोन महिने चढून राहतं. अंडाशयातल्या ज्या पिवळ्या गाठी, कॉर्पस ल्युटियम, ते बनवतात त्यांना गर्भ आहे की नाही याचं सोयरसुतक नसतं! म्हणून तर इतक्या कुत्र्यांना खोटी गर्भधारणा होते, पोट सुटतं, दूध येतं, खेळणं उराशी धरून बसतात. खात्री करायची तर साधारण 25 व्या दिवशी सोनोग्राफी, किंवा रिलॅक्सिन या हार्मोनची टेस्ट, जे वारेतून (प्लासेंटातून) येतं. पिल्लं मोजायला मात्र 55 व्या दिवसानंतरचा एक्स-रे, तोपर्यंत हाडांत पुरेसं कॅल्शियम भरलेलं असतं आणि छोटे छोटे मणके मोत्यांच्या माळेसारखे दिसतात. सोनोग्राफीत चार होती आणि झाली तीन, तर चौथं कुणी चोरलं नाही, सुरुवातीला मेलेला गर्भ आतल्या आत विरघळून जातो.

आता शेवटचा टप्पा, आणि छोट्या जातींची खरी मेख इथे आहे. कळा कधी सुरू करायच्या हे पिल्लं ठरवतात. पूर्ण वाढलेल्या पिल्लांच्या शरीरातून कॉर्टिसॉल वाढतं, त्यामुळे वारेतून प्रोस्टाग्लॅंडिन सुटतं, ते त्या पिवळ्या गाठी मोडतं, प्रोजेस्टेरॉन 2 च्या खाली कोसळतं आणि इतके दिवस गप्प बसवलेलं गर्भाशय मोकळं होतं. चार-पाच पिल्लं असली की सगळ्यांचा मिळून चांगला गलका होतो. एकच असेल तर त्या एकट्याची हाक कधी कधी पुरतच नाही, कळा सुरूच होत नाहीत, आणि पिल्लू एकटं असल्याने वाढलेलंही जास्त असतं. म्हणून एक्स-रेत एकच दिसलं तर व्हेटशी आधीच बोलून ठेवा, बघू काय होतं ते म्हणत बसू नका.

प्रोजेस्टेरॉन अंग गरम ठेवतं, ते पडलं की तापमानही पडतं. एरवी 38 अंश सेल्सियसच्या वर असलेलं विण्याआधी 12 ते 24 तास 37 च्या आसपास येतं, आणि चिवावासारख्या चिमुकल्या अंगाची उष्णता भराभर निघून जात असल्याने तिथे 35 पर्यंतही खाली जाऊ शकतं. एक साधा थर्मामीटर घेऊन दिवसातून तीनदा मोजलं तरी बरंच कळतं. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा स्राव दिसला, किंवा अर्धा तास जोर लावून काही आलं नाही, तर मात्र थर्मामीटर ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. हिरवा रंग म्हणजे वार सुटायला लागली.

आणि हो, कॅल्शियमच्या गोळ्या. गाभण आहे म्हणून स्वतःच्या मनाने देऊ नका. बाहेरून आयतं मिळालं की पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते, आणि विल्यावर दूध जोरात सुरू झालं की हाडांतून कॅल्शियम काढायचं तिला जमत नाही, मग कुत्री थरथरते, अंग ताठ होतं, फिट येते. छोट्या जातींत हे जास्त होतं.

मैत्रिणीला विचारलं मेटिंग किती वेळा झालेलं, तर म्हणे दोनदा, मधे एक दिवस सोडून. प्रोजेस्टेरॉन टेस्ट केलेलीच नव्हती, त्यामुळे सुटायचा दिवस कुणालाच माहीत नाही. व्हेटने सोनोग्राफी करून ठोके बघितले, चांगले होते, म्हणाले थांबा. 67 व्या दिवशी सकाळी 38.2, दुपारी 38, आणि रात्री 36.4. मेसेजमध्ये नुसता आकडा आणि पुढे सहा उद्गारचिन्हं. पहाटे दोन पिल्लं झाली, एक्स-रेत दिसलेली तेवढीच. दुसरं मागच्या पायांनी आलं म्हणून ती पुन्हा घाबरली, पण कुत्र्यांत साधारण 40 टक्के पिल्लं तशीच येतात.