स्प्रिंग कापून गाडी फुकटात खाली बसत नाही

गाडीची उंची कमी करायची म्हटलं की म्हापशापासून मडगावपर्यंत हमखास मिळणारा सल्ला: स्प्रिंगचा एक वेढा कापा, फुकटात काम! गाडी खाली बसते, हे खरं. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, तिची उसळी आवरणारा शॉक अब्सॉर्बर मात्र जुनाच. त्यामुळे गाडी उसळत राहते. पावसाळी खड्ड्यात चाक लोंबलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटूही शकते. गॅसने तापवून दाबणं तर शुद्ध वेडेपणा. पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून दिलेली ताकद, उतरतं, स्प्रिंग पुढेही दबत जाते. स्वस्तातच हवं तर आपल्याच मॉडेलसाठी बनवलेल्या तयार लोअरिंग (उंची कमी करणाऱ्या) स्प्रिंग घ्या, मग चाकांची अलाइनमेंट करा. मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं, म्हणून आधी आरटीओत विचारा.