विद्युतचालित बाह्य आरशांचे दोषनिदान

मोटारगाडीच्या दारांवरील जे आरसे चालकाला बसल्या जागेवरून बटणाने वळवता येतात, त्यांत बिघाड झाल्यास तो स्विचमध्ये आहे, वायरींमध्ये आहे, मोटरमध्ये आहे की यांत्रिक भागांत, हे क्रमाने तपासून ठरवण्याच्या प्रक्रियेला आरशांचे दोषनिदान म्हणतात. आरसा हलेनासा झाला की मोटर जळाली असे गृहीत धरून संपूर्ण आरसा बदलण्याकडे कल दिसतो. वास्तविक ही मोटर क्वचितच आणि तीही काही सेकंदच फिरते. दार उघडताना दर वेळी वाकणाऱ्या वायरी आणि पावसाचे पाणी सहज पोहोचते असा दारावरचा स्विच तिच्या मानाने बरेच अधिक सोसतात, म्हणून संशयितांच्या यादीत मोटरचे स्थान बरेच खाली असावे.

काचेच्या मागील पाठपत्र्याला हलवण्यासाठी प्रत्येक आरशात १२ व्होल्टवर चालणाऱ्या दोन लहान मोटरी असतात, एक वर-खाली आणि दुसरी डावी-उजवीकडे. साध्या रचनेत या दोन्ही मोटरींसाठी मिळून तीनच वायरी आरशात जातात, कारण प्रत्येक मोटरचे एक टोक स्वतंत्र वायरीला आणि दुसरे टोक एका सामायिक वायरीला जोडलेले असते. दिशा बदलण्याचे काम स्विच करतो: ‘वर’ दाबल्यावर ज्या वायरीवर धन ध्रुव येतो तिच्यावरच ‘खाली’ दाबल्यावर ऋण ध्रुव येतो आणि मोटर उलटी फिरते. कोणता आरसा हलवायचा हे त्याच स्विचवरील निवड-कळ ठरवते.

ही रचना ध्यानात असली की, दाराचे अस्तर न उघडताही निम्मे निदान होते. काच वर जाते पण खाली येत नाही आणि ‘खाली’ दाबल्यावर मोटरचा आवाजही येत नाही, अशा वेळी मोटर व वायरी निर्दोष समजाव्यात, कारण दोन्ही दिशांचा प्रवाह त्याच दोन वायरींतून आणि त्याच मोटरमधून जातो. दोष स्विचच्या संपर्कपट्टीत असतो. वर-खाली दोन्ही बंद, पण डावी-उजवीकडची हालचाल ठीक असेल, तर त्या मोटरची स्वतंत्र वायर किंवा ती मोटरच तपासावी. सामायिक वायर तुटल्यास बहुधा दोन्ही मोटरी गप्प होतात. मात्र काही स्विचांच्या रचनेत अशा वेळी प्रवाह एका मोटरमधून दुसरीत शिरतो आणि काच मंदपणे तिरपी सरकते, हे लक्षण पाहणाऱ्याला हमखास बुचकळ्यात टाकते. दोन्ही बाजूंचे आरसे एकदमच बंद पडले असतील तर आरशांकडे वळण्याचे कारणच नाही. फ्यूज, स्विचला येणारा पुरवठा आणि स्विचची अर्थिंग (गाडीच्या सांगाड्याशी असलेली ऋण जोडणी) एवढेच पाहावे. फ्यूज अनेकदा अन्य उपकरणांशी सामायिक असल्याने तीही बंद आहेत का, हे पाहणे उपयोगी पडते.

एकाच बाजूचा आरसा बंद असल्यास दार व गाडीचा सांगाडा यांमधील रबरी नळी प्रथम तपासावी. बिजागरापाशी वायरी वर्षानुवर्षे त्याच जागी वाकतात आणि आवरण शाबूत राहूनही आतील तांबे तुटते. दार अर्धवट उघडे ठेवून बटण दाबले असता आरसा हलतो आणि दार मिटताच थांबतो, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा दोषाची जागा जवळपास निश्चित होते. नळी मागे सरकवून संशयित वायर दोन बोटांत धरून हळूच ताणावी. आत तुटलेली वायर त्या ठिकाणी रबरासारखी लांबते.

व्होल्ट व रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवरील आकड्यावर येथे आंधळा विश्वास ठेवू नये. वायरीतील बारीक तारांपैकी एखादीच उरली असली, किंवा कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढला असला, तरी मोटर जोडलेली नसताना मीटर जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्यातून नगण्य प्रवाह वाहतो. मोटर जोडताच तो दाब कोसळतो. म्हणून कनेक्टर जोडलेला असतानाच मागील बाजूने मापन करावे, किंवा तेथे फिलामेंटचा टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्प मिणमिणला तर रोध वाटेत कोठेतरी आहे. लॅम्प दोन्ही दिशांना लखलखीत पेटतो आणि तरीही मोटर हलत नाही, असे दिसल्यावरच मोटरला दोष द्यावा.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, हा यांत्रिक बिघाड होय: प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झिजलेले असतात किंवा पाठपत्रा खुंटीवरून सुटलेला असतो. काच तिच्या शेवटच्या मर्यादेला पोहोचल्यावर येणारा टकटक आवाज मात्र दोष नव्हे. मोटरवर ताण येऊ नये म्हणून जोडणी तेथे मुद्दाम घसरू दिलेली असते. आरसा मिटवणारी तिसरी मोटर असलेल्या गाड्यांत आरसा हाताने मिटवल्यास यंत्रणेचा ताळमेळ सुटतो आणि आरसा डळमळू लागतो. बटणाने एकदा पूर्ण मिटवून पुन्हा उघडल्यास तो बहुधा खट् असा आवाज करून जागेवर बसतो, आणि तेवढ्यावरच दुरुस्ती आटोपते.

काचेमागील तापकतारेचा परिपथ वेगळा असून तो बऱ्याच गाड्यांत मागील काचेच्या तापकाबरोबरच चालू होतो. काचेच्या पाठीवरील दोन पिना सुट्या करून त्यांमधील रोध मोजावा; तो काही ओहम भरला तर तापकतार शाबूत आहे, आणि परिपथ खंडित दिसला तर काचच बदलावी लागते.

आरशाची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या गाड्यांत स्विच मोटरला थेट प्रवाह देत नाही. तो दारातील नियंत्रकाला केवळ संकेत पाठवतो आणि मोटरला प्रवाह नियंत्रक पुरवतो, त्यामुळे तीन वायरींचा वरील तर्क नियंत्रक ते आरसा एवढ्याच टप्प्याला लागू पडतो. स्कॅनरवर (गाडीतील नियंत्रकांशी जोडून त्यांच्या नोंदी वाचणाऱ्या उपकरणावर) बटण दाबल्याची नोंद दिसते का हे आधी पाहावे, मग स्कॅनरवरूनच मोटर चालवून पाहावी: पहिले दिसले नाही तर दोष स्विचच्या बाजूला, आणि दुसरे घडले नाही तर नियंत्रकाच्या पुढे किंवा खुद्द नियंत्रकात. रिव्हर्स गिअर टाकताच एका बाजूची काच आपोआप खाली झुकते अशी तक्रारही अधूनमधून येते. चाकाजवळची कडा दिसावी यासाठी दिलेली ती सोय असते, आणि काही गाड्यांत निवड-कळ मधल्या स्थितीत ठेवली की ती बंद होते.