बीटल्स योकोने फोडली?

बीटल्स या इंग्लिश बँडची भागीदारी मोडायचे लंडनच्या कोर्टातले कागद निघून पन्नास वर्षं उलटली, तरी 'बीटल्स योको ओनोमुळे फुटली' हे पालुपद काही थांबत नाही. घर मोडलं की खापर नव्या सुनेच्या डोक्यावर फोडायचं, त्यातलाच हा प्रकार.

योको ही बँडमधल्या जॉन लेननची जोडीदार; ती त्याला खेटून स्टुडिओत बसायची, हे खरं. बाकीच्यांना ते खटकायचं, हेही खरं. पण जानेवारी १९६९ चं चित्रीकरण पाहा: बाई पेपर वाचतेय, पत्रं चाळतेय. त्याच चित्रीकरणात बँडमधलाच पॉल मॅकार्टनी हसत म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको अँप्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले!

भांडणाचं मूळ पैशात होतं. मॅनेजर ब्रायन एपस्टाईन ऑगस्ट १९६७ मध्ये वारला आणि कारभार निर्नायकी झाला. पुढे मॅनेजर म्हणून तिघांना ॲलन क्लाईन हवा होता, पॉलला मात्र आपले सासरे ली ईस्टमन. (दुसऱ्याच्या सासऱ्यांना हो म्हणणार तरी कोण?) त्याआधीच रिंगो स्टार १९६८ मध्ये आणि जॉर्ज हॅरिसन १९६९ मध्ये एकेकदा बँड सोडून गेले आणि परतले. जॉर्जची गाणी कायम मागे पडत, ती धुसफूस वेगळीच.

सप्टेंबर १९६९ मध्ये जॉनने आतल्या आत 'मी चाललो' सांगितलं. ३१ डिसेंबर १९७० ला भागीदारी मोडायचा दावा लावला तो पॉलने, उरलेल्या तिघांविरुद्ध. योकोने बँड फोडली नाही, असं पॉलनेच २०१२ मध्ये मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्टला सांगितलं.